चित्राला बाहेर जायची मनाई नव्हती

नलू,

तू गेलीस, आणि ग्रंथालय नेहमीच्या वेळी उघडलं. मीच उघडलं. कुलपात किल्ली फिरवताना वाटलं, आज तरी ते अडेल. अडलं नाही. मुलं आली, पुस्तकं मागितली, खिडकीजवळच्या जागेवरून भांडली. दुपारी एक म्हातारे गृहस्थ जपानच्या खोलीशी थांबून म्हणाले, "नलिनीबाई आहेत का?" मी म्हटलं, "नाहीत." ते बरं म्हणून आत गेले. त्यांना पुढचं सांगायला हवं होतं.

वर्तमानपत्रात तुझ्यावर चार ओळी आल्या आहेत. शिक्षण, नोकरी, 'शोकाकुल परिवार'. त्या वाचून कुणाला वाटेल, अमरावतीच्या एका कॉलेजात एक ग्रंथपाल होती आणि ती हृदयविकारानं वारली. हे खोटं नाही. पण मला जी माहीत होती ती बाई त्यात कुठंच नव्हती, म्हणून हे लिहायला बसले.

नागपूरला ग्रंथालयाच्या प्रशिक्षण वर्गात पहिल्या दिवशी शिक्षकांनी प्रत्येकाला उभं करून नाव, आडनाव, गाव विचारलं. छप्पन साली नागपूरला दीक्षेचा सोहळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. माझं आडनाव ऐकल्यावर वर्गातल्या माना वळल्या. मी उभीच राहिले, कारण बसायचं कुठं ते कळेना. शेवटून दुसऱ्या बाकावर एक काळीसावळी, हडकुळी मुलगी आपलं दप्तर उचलून सरकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बस ना. उभी काहून आहे?"

मी बसले. त्यानंतर दहा-बारा वर्षं मी तुझ्या शेजारीच बसले, म्हटलं तरी चालेल.

तू तिवसा तालुक्यातली. घरी काळी जमीन, भाऊ, बैलजोड्या. मी अकोल्याच्या मोर्णेकाठच्या वस्तीतली. माझे बाबा जिनिंगमध्ये रुईच्या गाठी दाबायच्या यंत्रावर होते. गाठी लढाईच्या आधी कुठं जायच्या, हे ते अभिमानानं सांगत: "जपानले जायच्या, जपानले." आमच्या घरात जग तिथं संपत असे. जपानच्या पुढं काही असेल असं आम्हा भावंडांना कधी वाटलंच नाही.

तुला अमरावतीला नोकरी लागली आणि वर्षभरात तू मला त्याच ग्रंथालयात बोलावून घेतलंस. आपलं पहिलं भांडणही तिथलंच, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तू प्राचार्यांशीसुद्धा वऱ्हाडीत बोलायचीस. मी मात्र शाळेत असल्यापासून घासूनपुसून पुस्तकातली भाषा बोलायला शिकले होते.

"सुमन, तू कोनाले भेवून अशी पुण्याची बोली बोलून राहिली?" तू एकदा कपाटं पुसता पुसता विचारलंस.

मी चिडले. म्हटलं, "तू 'मले-तुले' म्हणालीस की लोक म्हणतात, बाई कशी मोकळी आहे. मी म्हणाले की लोक आडनाव विचारतात."

तुझा हात फडक्यावरच थांबला. तू म्हणालीस, "हे माह्या डोक्यातच नाही आलं." पण दुसऱ्या दिवशी परत सुरू: "तरी बी मले वाटते, तू आपली बोली सोडू नोको." मी म्हणायची, सोडणं माझ्या हातात होतं म्हणूनच मी इथवर आले. तू म्हणायचीस, आलीस ना, मग आता घे परत. हे लिहितानाही मी पुस्तकातल्याच भाषेत लिहिते आहे. तुझं म्हणणं बरोबर होतं की माझं, हे मला अजून ठरवता येत नाही. आता एकटीनं ठरवून तरी काय करायचं?

मग ती खोली आली.

मुंबईच्या जपानी वकिलातीकडून कॉलेजकडे विचारणा झाली होती. जपानची ओळख करून देणारं एक छोटं केंद्र ग्रंथालयात सुरू करता येईल का? पुस्तकं, चित्रं, फिल्म ते देणार होते. जागा आपण द्यायची. मला ते पटलं नव्हतं. "आपल्या मुलांना नेमलेली पुस्तकं पुरत नाहीत, आणि आपण बाहुल्या मांडत बसायचं?" असं मी म्हटल्याचं तुला आठवत असेल. तू भांडली नाहीस. उत्तरेकडच्या अडगळीच्या खोलीतल्या मोडक्या खुर्च्या बाहेर काढायला लागलीस आणि म्हणालीस, "पाहू तर दे, आपल्या दारात कोन येऊन राहिलं."

बडनेऱ्याच्या स्टेशनावरून बैलगाडीतून खोकी आली. आपण ती उघडली तेव्हा सगळ्या ग्रंथालयात अनोळखी लाकडाचा वास पसरला. कागदी आकाशकंदील होते, काळी चकचकीत वाटी होती, इंग्रजी पुस्तकं होती. तळाशी पत्र्याची लांब नळकांडी होती आणि त्यांच्यात गुंडाळलेले, कापडावर चिकटवलेले फोटोचे मोठमोठे तुकडे. काय आहे ते कळेना. आपण टेबलं सरकवली, तुकडे जमिनीवर अंथरले, आणि गुडघ्यांवर रांगत एकाला एक जोडत गेलो. एका तुकड्यात नुसती घडी होती, कापडाची वाटावी अशी. एकात अंगठ्याला अंगठा लागलेले दोन हात. शेवटचा तुकडा तू लावलास आणि आपण दोघी मागं सरलो.

बुद्ध होते. उघड्या आभाळाखाली बसलेले, पितळी रंगाच्या डोंगराएवढे. पायथ्याशी काही माणसं उभी होती. ती माणसं आहेत हेच आधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं, इतकी ती लहान होती.

बाहुल्यांबद्दलचं माझं म्हणणं त्या जमिनीवरच विरून गेलं.

उद्‌घाटनाला मुंबईहून वकिलातीचे अधिकारी आले. भर उन्हात काळा कोट घातलेले, अगदी नीटनेटके गृहस्थ. त्यांनी प्राचार्यांना वाकून नमस्कार केला, ग्रंथालय समितीच्या सभासदांना केला, पाण्याचे पेले घेऊन आलेल्या शिपायालाही तेवढंच वाकून केला. शिपाई इतका गडबडला की त्यानंही तसाच वाकून नमस्कार केला आणि पाणी सांडलं. अधिकारी म्हणाले, लढाईपूर्वी त्यांचे एक चुलते कापूस घ्यायला वऱ्हाडात येत असत. त्या प्रांतात आपलं काहीतरी परत पोचावं म्हणून हे केंद्र. मला बाबा आठवले. ते तेव्हा हयात नव्हते.

त्या दिवशी अकोल्याहून आई आली होती. तू मुद्दाम बोलावलं होतंस. पाहुणे चहाला गेले तेव्हा तू तिला हाताला धरून खोलीत आणलंस. आईनं दाराशी चपला काढल्या. भिंतभर चित्र होतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि पुष्कळ वेळ तिनं मान खाली केलीच नाही.

"यायच्या डोक्यावर छप्पर नाही?" तिनं विचारलं.

तू सोबतचं माहितीपत्रक वाचलं होतंस. म्हणालीस, "होतं, माय. देऊळ होतं मोठं. समुद्राची लाट आली अन् देऊळ वाहून गेलं. हे बसूनच राह्यले."

"कवाचे आहेत?"

"सातशे वर्सं झाले असतीन. अन् त्या देशात बुद्धाले मानतेत ते तर त्याच्याबी लय आधीपासून. हजार वर्सापेक्षा जास्त."

आईचे ओठ हलले. तुला ठाऊक आहे, दीक्षेनंतर आईनं घरातले जुने देव मोर्णेत सोडले तेव्हा शेजारपाजारचे काय काय बोलले. 'नवे' म्हणत आम्हाला. नवा धर्म, नवा देव, चार दिवसांचं खूळ. तोंडावर म्हणत, सरकारी कागदावरही 'नवबौद्ध' लिहीत. आईनं ते सगळं मुकाट्यानं गिळलं होतं. ती तुझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "मंग आमी नवे नाही."

तू म्हणालीस, "नाही, माय."

एवढंच बोलणं झालं. मी तिथंच उभी होते. एवढी वर्षं शिकले, इतकी पुस्तकं हाताखालून गेली, पण माणसाच्या पाठीचा कणा डोळ्यांदेखत सरळ होताना मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

आईनं सांगितलं असावं, कारण नंतर बायका यायला लागल्या. अमरावतीच्या वस्तीतल्या. सकाळची कामं आटोपून दुपारी यायच्या, दाराशी चपला काढायच्या, हात जोडायच्या, बघायच्या आणि जायच्या. कुणाशी बोलायच्या नाहीत. एकीनं एकदा जमिनीवर झेंडूची फुलं ठेवली.

ती फुलं समितीच्या एका सभासदांनी पाहिली. नाव लिहीत नाही. तुलाही आवडलं नसतं. ते तुझ्या टेबलाशी आले. "नलिनीबाई, हे ग्रंथालय आहे, विहार नाही. या बायका वाचायला येत नाहीत."

तू उभी राहिलीस. "पाहायले येतेत, साहेब."

"उद्या आरती सुरू होईल. ती फुलं उचला आधी."

"फुलं उचलतो मी," तू म्हणालीस. "मानसं कशी उचलू?"

समितीची बैठक झाली. ठरलं, कॉलेजचं ओळखपत्र असेल त्यालाच खोलीत प्रवेश. प्राचार्य भले होते, पण भांडण त्यांना सोसत नसे. त्यांनी तुला बोलावून समजावलं. "नियम सगळ्यांना सारखाच आहे ना?" असं म्हणाले.

तू परत आलीस आणि खोलीच्या दारावर सूचना लावलीस. स्वतःच्या हातानं. मी तुझ्याशी दिवसभर बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्या बायका आल्या, त्यांना तूच बाहेर येऊन सांगितलंस. त्यांनी वाद घातला नाही. त्यांना अशा दारांची सवय होती. त्या जात होत्या आणि तू पायऱ्यांवर उभी राहून त्यांच्याकडे पाहत होतीस. मग छातीवर हात दाबून खाली बसलीस. मला वाटलं, दुखणं उठलं. धावत आले तर तू म्हणालीस, "सुमन, त्या नियमात काय लिहिलं आहे, वाच बरं." मी वाचलं. "मानसायले आत यायची मनाई आहे," तू म्हणालीस. "चित्राले बाहेर जायची मनाई कुठं आहे?"

आपण दोघी प्राचार्यांकडे गेलो. तू त्यांना सरळ विचारलंस. ग्रंथालयाचं साहित्य प्रदर्शनासाठी बाहेर नेता येतं, जबाबदारी ग्रंथपालाची, असा जुना नियम होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आपण नमस्कार करून उभ्याच होतो. ते म्हणाले, "परत कधी आणाल?"

"सोमवारी."

"फाटलं तर?"

"तर माही नोकरी आहे ना, साहेब."

त्यांनी मान हलवली. तुझ्या घरची शेती होती, खरं. पण नोकरीसाठी तू भावाशी, मायशी किती झगडली होतीस हे मला माहीत होतं. ती तू अशी टेबलावर ठेवून दिलीस आणि नळकांडी बांधायला गेलीस.

आपण रविवारी पहाटे निघालो. बडनेऱ्याच्या फलाटावर हमालानं ती लांब नळकांडी खांद्यावर घेतली आणि विचारलं, "बाई, तोफ हाय का?" तू म्हणालीस, "तोफच समज. सांभाळून ने." अकोल्यापर्यंत डब्यात आपण ती मांडीवर आडवी धरून बसलो. शेतांत कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बायका ओळीनं चालत होत्या. मला भीती वाटत होती, आणि तू भुईमुगाच्या शेंगा फोडत होतीस.

वस्तीत एवढी मोठी भिंतच नव्हती. शाळेची खोली बुटकी. शेवटी आईनं जिनिंगच्या गोदामाची मागची भिंत दाखवली. बाबांच्या वेळचे एक मुकादम अजून तिथं होते. त्यांनी मालकाला विचारून होकार आणला. भिंतीला चुना लावलेला होता. मंडळींनी शिड्या आणल्या, पट्ट्या ठोकल्या. आपण खालून सांगत होतो, डावीकडे, अजून वर. उन्हात एकेक तुकडा चढत गेला. आधी पाय, मग हात. चेहरा सगळ्यात शेवटी चढला.

नलू, त्यानंतर जे झालं त्याचं वर्णन मी आजवर कुणाजवळ केलं नाही. तुझ्याजवळही नाही, कारण तू तिथंच होतीस. गलका चालला होता, पोरं धावत होती, कुणीतरी शिडीवरून ओरडत होतं. चेहरा जागेवर बसला आणि सगळं थांबलं. कुणी गप्प बसा म्हटलं नाही. लोक जिथं होते तिथं बसत गेले. मातीत, दगडांवर, उलट्या टोपल्यांवर. काठीचा आधार घेतलेला एक म्हातारा उभाच राहिला. आभाळ चित्रातही होतं आणि भिंतीच्या वरही होतं. कुठलं कुठं संपतं ते कळत नव्हतं. जिनिंगमधली रुई वाऱ्यानं उडून येत होती आणि लोकांच्या डोक्यांवर, चित्राच्या खांद्यांवर टेकत होती.

कोणीतरी बायकांमधून त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. सगळे म्हणायला लागले. मी म्हणत होते. तुला ते येत नव्हतं. तू बाजूला शिडी धरून उभी होतीस, तोंड किंचित उघडं, लहान मुलासारखं. डोळे पुसायचंही तुला सुचलं नव्हतं. मला राहून राहून वाटतं, त्या क्षणी मी तुझ्याजवळ यायला हवं होतं, निदान शिडी धरायला. पण मीही जागची हलू शकत नव्हते.

सोमवारी चित्र अमरावतीत परत होतं. एका तुकड्याला घडी पडली होती. प्राचार्य येऊन पाहून गेले. घडीबद्दल काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, "लोक आले?" तू म्हणालीस, "आले."

बातमी मुंबईपर्यंत कशी गेली कोण जाणे. ते अधिकारी पुढच्या भेटीत आले तेव्हा घडी पडलेल्या जागेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं. मी इंग्रजीत सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि त्यांच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. मग त्यांनी तुला वाकून नमस्कार केला, उद्‌घाटनाच्या दिवशी केला होता त्याहून खाली, आणि तसेच राहिले. मागे समितीचे लोक उभे होते. पाहुण्यांचं वाकणं संपेना, तेव्हा त्यांनाही काय करावं कळेना. काही महिन्यांनी फिरतं प्रदर्शन म्हणून चित्रांचा दुसरा संच आला, आणि ओळखपत्राची सूचना दारावरून उतरली. कोणी उतरवली ते मला माहीत नाही. मी नाही. तू म्हणायचीस, तूही नाही.

त्यानंतर आपण किती गावांना गेलो. तू थकत चाललीस, जिने चढताना थांबायला लागलीस, आणि मी रागावले की म्हणायचीस, "मी थांबून पाहून राहिली, तू कायले घाबरतं?" गेल्या उन्हाळ्यात तू गावी गेलीस ती परत आली नाहीस. मी भेटायला आले तेव्हा तू अंगणात खाटेवर होतीस. आपण भाषेवरूनच भांडलो. मला तुला काहीतरी दुसरं सांगायचं होतं. त्या पहिल्या दिवशी तू बाकावर सरकली नसतीस तर मी तशीच दाराबाहेर गेले असते, हे सांगायचं होतं. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "जागा होती, सरकली. त्यात काय?" म्हणून राहून गेलं.

तुझ्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, मला तिच्या घरी ने. मी कचरले. तुझ्या घरी मी आले की अंगणापर्यंतच येत होते, हे तुला माहीत होतं. पाणी वेगळ्या पेल्यात यायचं आणि तू तो पेला उचलून स्वतः त्यातून प्यायचीस, तुझ्या मायच्या देखत. त्यावरून तुमचं काय व्हायचं ते तू कधी सांगितलं नाहीस.

आम्ही अंगणात थांबलो. तुझी माय दारात आली. वाळलेली, डोळे सुजलेले. तिनं आईकडे पाहिलं. "तुमी सुमनची माय?"

"हो, बाई."

"आत या."

आई हलली नाही. तेव्हा तुझी माय उंबरा ओलांडून बाहेर आली, तिनं आईचा हात धरला आणि तिला माजघरात नेऊन आपल्या शेजारी सतरंजीवर बसवलं. तुझ्या वहिनीनं पाणी आणलं, सगळ्यांना एकाच तांब्यातून. दोघी म्हाताऱ्या पाणी प्यायल्या. मग आईनं विचारलं, "लहानपनी कशी होती पोर?"

तुझी माय थोडी हसली. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच हसली असावी, कारण तुझा भाऊ दाराशी थबकला. ती सांगायला लागली, आणि मी ऐकत बसले. तुझ्याबद्दल मला सगळं ठाऊक आहे असं मी धरून चालले होते. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

तू सहा-सात वर्षांची असशील. तिवश्याच्या बाजाराला गेले होते सगळे. नागपूरची मोटार येऊन थांबली होती आणि तू दिसेनाशी झालीस. शोधाशोध झाली. सापडलीस तेव्हा तू मोटारीच्या पायरीवर चढून ड्रायव्हरशी बोलत होतीस. तू त्याला विचारत होतीस, या रस्त्यानं गेलं तर काय लागते? तो म्हणाला, नागपूर. त्याच्या पुढं? त्यानं आणखी एका गावाचं नाव सांगितलं. त्याच्या पुढं? त्यानं सांगितलं. तुझी माय तुला कडेवर घेऊन ओढत होती आणि तू त्या पायरीचा दांडा सोडत नव्हतीस.

"थो बिचारा ड्रायव्हर हरला," तुझी माय म्हणाली. "म्हने, बाई, मले त्याच्या पुढचं माहीत नाही. तं हे म्हनते त्याले, मंग जाऊन पाह्यलं काहून नाही?"